परतीचा निरोप

संध्याकाळी सातला जुन्या काळातल्या हेरांची मालिका लागली. पडद्यावर साहेबाने दारातच हुकूम सोडला, “कामगिरी संपली. नवराबायकोचं सोंग पुरे, परत या.”

“काहीतरीच! असा निरोप कुणी दारात उभं राहून देतं का?” म्हातारा करवादला. तोही असंच सोंग घेऊन म्हातारीसोबत या शहरात आला होता. परतीच्या निरोपाची वाट बघण्यात बत्तीस वर्षं गेली. वरचे आपल्याला विसरले, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

“नाहीतर काय! निरोप यायचा तो लाँड्रीतल्या शर्टाच्या घडीत,” मटार सोलता सोलता म्हातारी म्हणाली. “आपलाही तसाच आला होता.”

“आपला? कधी?”

“थोरलीच्या वेळी. सहावा महिना लागला होता मला.”

साडेसातला मालिका संपली, तेव्हा तो तिच्याशेजारी बसून मटार सोलत होता.