सिरक्याची वाटी

सिरक्यानं काठोकाठ भरलेली वाटी मांडीवर धरून मडिवाळप्पा शिरूर अनंतपाळहून लातूरला आला. दीड तासात एक थेंब सांडला नाही. कंडक्टर मात्र शिंकता शिंकता अर्ध्या गाडीची तिकिटं काढायची विसरला, असं म्हणतात.

नातीचा डबा रोज एसटीनंच यायचा. आज डब्यासोबत आज्जाही आला.

क्लासच्या फाटकाशी बायोलॉजीचे आलोक सर चहा पीत बसले होते. मडिवाळप्पानं वाटी त्यांच्यापुढं कट्ट्यावर ठेवली.

"मी गीतांजलीचा आज्जा. गावात हाडं बसवतो. ह्या वाटीत मांडीचं हाड बसवून दाखवा."

सरांनी वाटीत डोकावून बघितलं.

"पोरगी फोनवर रोज तेच सांगायलीय. आमचे सर म्हणतात, खुब्याच्या खोबणीला लॅटिनमधी ॲसिटॅब्युलम म्हणतात. म्हंजे सिरक्याची वाटी. रोमचे लोक जेवताना घ्यायचे म्हणं."

"बरोबर आहे, आजोबा. खोबण तशी दिसते, म्हणून..."

"दिसती! भूकंपाच्या साली ह्या हातानं दिवसाला वीस खुबे बसवले. त्यात एक म्हैस. आमी त्याला उखळी म्हणतो. उखळात मुसळ फिरतं तसं हाड फिरतं. ही एवढीशी होती तवापासून लोकांचे पाय धरून माझ्यापाशी बसायची. आज्जा म्हणल तेच खरं. आता समदं सरांचं खरं!"

सरांनी ग्लास खाली ठेवला.

"म्हणजे ते आज्जा तुम्हीच! महिना झाला, मी वाटी म्हटलं की ही उभी राहते, 'आमचा आज्जा उखळी म्हणतो.' काल प्रश्न विचारला तर अख्खी बॅच ओरडली, उखळी! रंगीत खडूनं वाटी काढली होती हो मी फळ्यावर."

मडिवाळप्पाच्या मिशा पसरल्या. त्यानं डब्यातला कांदा काढला, कट्ट्यावर ठेवून बुक्कीनं फोडला.

"घ्या सर. सिरक्यात लई ग्वाड लागतो."

तेवढ्यात गीतांजली धावत आली. तिनं डबा उचलला.

"आज्जा, थांबायला टाइम न्हाई. फिजिक्सचा तास हाय. श्रद्धा मॅडम म्हणतात, वाटी न्हाई न् उखळी न्हाई, मांडीचं हाड म्हंजे निव्वळ तरफ!"

आणि दोन-दोन पायऱ्या चढत ती वर गेलीसुद्धा.

दोघं रिकाम्या जिन्याकडं बघत राहिले.

"ह्या मॅडम कोण?" मडिवाळप्पानं विचारलं.

सरांनी कांद्याची पाकळी सिरक्यात बुडवली आणि वाटी त्याच्याकडं सरकवली.