मुलगा सेटल आहे ना?

"मुलगा सेटल आहे ना?" पोह्यांची बशी हातात घेत चिंतामणींनी विचारलं.

"येकदम सेटल," कमळ म्हणाली. "शेलार गावामदी सोताचं घर हाय, दोन गोडाऊन भाड्यानं दिलेत. अजून काय पायजे?"

आपला प्रितेश दिवसभर काय करतो, ते तिने सांगितलं नाही. गावातही त्याच्याबद्दल 'सेटल' हाच शब्द चालायचा. कुणी गोडाऊन सोडत नसलं, कुणाचं हद्दीचं भांडण अडलं, की लोक त्याला गाठायचे. तो जाऊन मॅटर सेटल करून यायचा. त्या दिवशीचे शर्ट कमळ स्वतः धुवायची, कामवालीला द्यायची नाही.

चिंतामणी शाळेतून रिटायर झालेले हेडक्लार्क. जातीतले नव्हते, तरी आपणहून मुलीचं स्थळ घेऊन आले होते. शिकलेली सून आली तर पोरगा सुधारेल, या आशेवर कमळ सकाळपासून धावपळ करत होती.

"तापट आहे का हो?"

"न्हाय वो! कुणाशी वर मान करून बोलत न्हाय."

तेवढ्यात फाटक आदळलं. शेजारचा रामू अंगणात उभा राहून ओरडत होता, "माझं कुंपण परत उपाटलंस? आता पोलिसातच जातो!"

प्रितेश पाहुण्यांसमोरून उठला. कोपऱ्यातला फावड्याचा दांडा उचलून खाली उतरला. पहिला फटका रामूच्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज ओटीपर्यंत आला. रामू पडला, पाया पडू लागला, तरी दांडा थांबेना.

कमळने धावत जाऊन मुलाच्या कमरेला मिठी मारली. "मरंल तो! पावणे बघतान रं!"

रामू रक्त थुंकत, भिंतीला धरून निघून गेला. प्रितेश नळावर हात धुऊ लागला.

कमळ ओटीवर परतली. तिला पाहुण्यांकडे बघवेना. "माफ करा, दादा. तो असा न्हाय."

चिंतामणींनी रिकामी बशी खाली ठेवली. "मुलगा पसंत आहे," ते म्हणाले.

कमळला आधी खरंच वाटेना. मग तिने रडतच हात जोडले. "मंग पोरीला बघायला कवा येऊ?"

"अपूर्वाचं लग्न चार वर्षांपूर्वीच झालं," चिंतामणी म्हणाले. "ती हॉस्पिटलात आहे, दोन्ही हात मोडलेत. नवरा नारपोलीला, घरीच आहे."