अडतिसांऐवजी एक

"मी वाचू, की तुझं ऐकू?" सासऱ्यांनी विचारलं.

सिस्टर अकराव्या स्लाइडवर अडखळली. रविवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि समोर, तिच्या आग्रहाखातर बसलेले सासरे. गुरुवारी हॉस्पिटलच्या संचालकांपुढे तिला दहा मिनिटं मिळणार होती. गेल्या वर्षीही मिळाली होती. तेव्हा 'छान माहिती' म्हणत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय बदलला.

"दोन्ही करा ना, बाबा."

"नाही जमत. वाचायला लागलो की तू ऐकू येत नाहीस."

सासऱ्यांनी हयातभर रस्त्याकडेच्या पाट्या रंगवल्या होत्या. 'पुढे वळण आहे' असल्या तीन-तीन शब्दांवर त्यांचं घर चाललं होतं. सुनेच्या पडद्यावर मात्र सोळा ओळी होत्या, दोन तक्ते होते, आणि गरागरा फिरत येऊन आकड्यावर बसणारा एक बाण होता. बाण त्यांना आवडला. तो कशासाठी आला होता, ते काही कळलं नाही.

"तुला त्यांच्याकडून हवंय तरी काय?"

"आमच्या वॉर्डात पेशंट पडतात, बाबा. सहा महिन्यांत अकरा जण पडले. एका आजींचा खुबा मोडला. खाटांपासून बाथरूमपर्यंत भिंतीला धरायला दांडा हवाय. बस."

"हे कितव्या पानावर आलंय?"

तिने पाहिलं. चौतिसाव्या.

सासरे हसले नाहीत. "पाटी वळणाच्या आधी लावतात गं," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

तिला रागच आला. तीन रविवार खर्ची घातले होते त्या अडतीस स्लाइडवर. पण राग ओसरला तरी एक प्रश्न डोक्यात भुणभुणत राहिला. दांडा नाही, हे दाखवायचं कसं? जी वस्तू नाहीच, तिचा फोटो कसा काढायचा?

सोमवारी सकाळी पाच नंबरची खाट रिकामी झाली. चादर बदलायच्या आधी सिस्टर सरळ तिच्यावर आडवी झाली. फरशी पुसणाऱ्या मावशींच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं.

"काय हो सिस्टर, बरं वाटत नाही का?"

"बघतेय, मावशी. इथून काय दिसतं ते."

छत दिसलं. मग ती पेशंट उठतो तशी सावकाश उठली आणि चालू लागली. सात पावलं खाटांच्या कडा हाताशी होत्या. आठव्याला खाटा संपल्या. पुढे नुसती भिंत, बारा पावलांची. तिचा हात आपसूक भिंतीवर टेकला, आणि ती तिथंच थबकली.

हाताखाली भिंत मळलेली होती. कमरेच्या जरा वर, तळव्याएवढे काळपट, तेलकट डाग. एकापुढे एक, थेट बाथरूमच्या दारापर्यंत. नऊ वर्षं ती दिवसातून पन्नासदा या भिंतीवरून जात होती. नीट पुसून काढा म्हणून मावशींच्या मागे लागत होती.

तिने मोबाइल काढला.

गुरुवारी पडद्यावर तो एकच फोटो होता. आधीच्या स्लाइड तिने जड हाताने पुसून टाकल्या होत्या, बाणासकट. ती काही बोलली नाही. न बोलणं इतकं अवघड असतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

फाइल चाळणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी मान वर केली. डोळे बारीक केले. खुर्ची थोडी पुढे ओढली.

"हे डाग कसले?"

"हातांचे, सर."

मग प्रश्न सुरू झाले. कुठली भिंत? कोण पडलं? केव्हा? उठून जाताना की परत येताना? आकडे तिला तोंडपाठ होते. एकेक प्रश्न आला तशी ती सांगत गेली. दहा मिनिटांची चाळीस कधी झाली, कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटी इमारतीचं काम बघणारे इंजिनिअर म्हणाले, "दांडा बसवू हो. पण नेमका किती उंचीवर, त्याची आधी पाहणी करावी लागेल."

"पाहणी झालीय, सर," ती पडद्याकडे वळून म्हणाली. "पेशंटनी खुणा करून ठेवल्यात."