हलका हात

दुकान बंद केल्यापासून घड्याळजींचे हात नुसते शिवशिवत होते. लेकीने मेलेला लॅपटॉप पुढ्यात ठेवताच त्यांनी डोळ्याला भिंग चढवलं आणि तासाभरात त्याचा कोथळा काढून बशांमध्ये ओळीने मांडला. प्रत्येक तुकड्याचं नाव तिला विचारून घोकलं. आता त्यातली मेमरीची पट्टी तिच्या कामाच्या लॅपटॉपमध्ये बसवायची होती. तीनदा हलकेच बसवली. तीनदा स्क्रीन काळीठिक्कर आणि आतून पिप-पिप. "बाबा, जोरात दाबा!" "वेडी आहेस का? चाळीस वर्षं घड्याळं उघडली, जोर म्हणून कधी लावला नाही. मोडली म्हणजे?" "मोडली तर माझी मोडेल. दाबा!" त्यांनी डोळे गच्च मिटले आणि अंगठे रोवले. टक्! लॅपटॉप सुरू करताच स्क्रीन लख्ख उजळली, लेक टाळ्या पिटत उठली. घड्याळजींनी मात्र लगेच लॅपटॉप बंद केला. "थांब, पट्टी काढतो. मला ते 'टक्' पुन्हा ऐकायचंय!"