फिरतं मिसिंग

सासऱ्यांची जुनी गाडी सुधारली की घरजावई सुटणार होता. "इंजिन मधेच झटके खातं, ते मिसिंग घालवा, माझ्या लेकीला घेऊन खुशाल शहरात गॅरेज टाका," हा विधुर सासऱ्यांचाच शब्द होता. तिथला गाळा ताब्यात घ्यायची मुदत आज संपत होती. प्लग बदलले, कॉइल बदलल्या, पण दोष रोज नव्या सिलिंडरात मुक्कामाला. "काय जावईबापू, हातगुण आटला?" सासरे खिडकीतून डिवचायचे. आज तिसऱ्या कॉइलची वायर काढली, तर पिनेवर वीज अडवणारा टेपचा तुकडा निघाला. दातांनी तोडलेला, मधोमध एका दाताची फट. सासऱ्यांच्या हसण्यातही तीच फट होती. बोललं तर म्हातारा चोर ठरणार, गप्प बसलं तर गाळा जाणार. "सापडलं?" सासऱ्यांचा आवाज बारीक झाला. टेप परत चिकटवत तो म्हणाला, "नाही, बाबा." जावयाने सासऱ्यांची अब्रू राखली, बिल मात्र आत शहरात जायला खोकी बांधणाऱ्या बायकोच्या नावावर फाटलं.