वय वर्षे चौऱ्याऐंशी

बासियानोने व्हायोलिनची वरची पाटी कानाशी धरली आणि बोटाच्या पेराने टक् करून वाजवली. मग पुन्हा वाजवली. समोर सरस ढवळत बसलेल्या एवासियोचा हात थांबला.

"काल मी ठेवली तेव्हा ही अशी बोलत नव्हती," म्हातारा म्हणाला. "कोणी हात लावला?"

"हवा कोरडी आहे, बाबा. लाकूड जरा..."

"लाकडाचं मला शिकवू नकोस. छप्पन्न वर्षांचा घोडा झालास, अजून बापाशी धड खोटं बोलता येत नाही तुला."

खोटं बोलण्यात अर्थच नव्हता. अख्खं क्रेमोना गाव फसलं असतं, हा कान फसणारा नव्हता. म्हाताऱ्याचे हात कापायचे, अंगठ्याला लाकडाची जाडी कळेनाशी झाली होती, पण मेला कान तरणाच राहिला होता. एवासियोने सरसाचं भांडं निखाऱ्यांवरून उतरवलं.

"मी तासली," तो म्हणाला. "डाव्या अंगाला जाड ठेवली होतीत तुम्ही. तशीच बसवली असती तर घसा बसल्यासारखी वाजली असती."

"आणि याच्या आधीची?"

"तीही."

"त्याच्या आधीची?"

"नऊ वर्षं झाली, बाबा. तुम्ही दुपारी आडवे झालात की मी रंधा काढतो. एकही सोडलेली नाही." इतकी वर्षं गिळलेलं बाहेर पडलं तसा त्याला जोर चढला. "लोक तुमचं नाव घेतात आणि माझ्या हातचं वाजवतात. मला मात्र या घरात एका चिठ्ठीवर नाव मिळत नाही."

बाकावर व्हायोलिन उघडं पडलं होतं. पाठ आणि कडा जोडून झाल्या होत्या, वरची पाटी तेवढी बसायची होती. ती बसण्याआधी आत कारागिराच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची. बासियानोच्या चिठ्ठ्या छापील होत्या, आणि सत्तरी उलटल्यापासून तो त्यांच्यावर शाईने आपलं वय घाली. तेही चिकटवायच्या घटकेलाच. आधी लिहून ठेवणं म्हणजे मरणाला डिवचणं, असं तो म्हणे. गिऱ्हाइकं त्या आकड्यावर लट्टू होती. मठासाठी व्हायोलिनं घेणारा पाद्री तर पाटी बसण्याआधी स्वतः येऊन आकडा वाचून जाई, कारण बाजारात खोट्या चिठ्ठ्यांचा सुळसुळाट झाला होता. आजही दुपारची घंटा झाली की तो येणार होता.

म्हातारा उठला, कोपऱ्यातल्या मेजाशी जाऊन पाठमोरा बसला. बराच वेळ त्याचा टाक कुरकुरत राहिला. मग तो आला आणि कोऱ्या कागदाचा एक तुकडा त्याने बाकावर टाकला. त्यावर लिहिलं होतं: एवासियो, बासियानोचा मुलगा, क्रेमोना. वय छप्पन्न.

"घे," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या कामावर मी माझं नाव लावत नाही. लाव आपल्या हाताने."

"चेष्टा करताय?"

"चेष्टा तू केलीस, नऊ वर्षं. मी खाली जेवायला चाललो. पाद्री आला की तूच दाखव त्याला. आधीच्या व्हायोलिनांचं विचारलं, तर तेही तूच सांग."

भिंतीला धरून तो एकेक पायरी उतरत गेला. एवासियोने हात पुसले, कागदाला खळ लावली आणि तो व्हायोलिनच्या पाठीवर आतून अंगठ्याने दाबून बसवला. तीस वर्षं या एका कागदासाठी त्याचा जीव जळला होता. त्याने नाव वाचलं, पुन्हा वाचलं, मग कोणी नाही असं बघून मोठ्याने वाचलं. त्याचं ऊर भरून आलं. त्याला बापाचा राग यायला हवा होता, तोही येईना.

घंटा झाली.

आणि पाद्री त्याला डोळ्यांपुढे दिसायला लागला. खाली वाकलेला, कपाळाला आठ्या घातलेला. हा कोण? म्हाताऱ्याचं नाव कुठंय? आणि गेल्या साली दिलीत ती कोणाची? एवासियोला उत्तर ठाऊक होतं, तीच तर पंचाईत होती. उद्या गावभर झालं असतं की बासियानोच्या घरात खोट्या चिठ्ठ्या लागतात.

खाली दार वाजलं. "या, फादर, या," म्हाताऱ्याचा आवाज आला, चांगला खणखणीत. "पोरगा वर आहे. वाटच बघतोय तुमची."

एवासियोने नख घातलं. खळ ओलीच होती, कागद अख्खा निघून आला. तो त्याने निखाऱ्यांवर टाकला आणि तो जळतोय का हे बघायलाही थांबला नाही. जिन्यावर पावलं वाजत होती. त्याने मेजाचा खण ओढला, घाईने टाक बुडवला. बापाचा थरथरता आकडा त्याला हुबेहूब काढता येत असे.

खणातल्या सगळ्यात वरच्या छापील चिठ्ठीवर वय आधीच घातलेलं होतं. चौऱ्याऐंशी. त्याने बोट टेकवलं, तर बोटाला शाई लागली.