अकरावा तारा

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा. ताऱ्यांच्या मुलखात लढलेल्या एका युद्धनौकेची गोष्ट सांगतो. ऐकताना मन तेवढं मऊ ठेवा.

नौकेला सगळे 'थोरली' म्हणत. युद्ध सरून वीस वर्षं झाली होती. थोरली आता गोदीत विसावली होती, आणि उद्यापासून लोकांना बघायला खुली होणार होती. शत्रूचं एकेक जहाज पाडलं की तिच्या कुशीवर एकेक पांढरा तारा काढत. असे अकरा. शिडीवर चढून रंगारीण ते उजळत होती.

खाली काका उभे होते. थोरलीवरचे इशारेवाले. रंगारणीचा बाप टेहळणीच्या होडीतून गेला तो परतलाच नाही; तेव्हापासून काकांनीच तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं.

"पोरी, तो शेवटचा पुसून टाक."

"का हो? तारा तुमचा, पदक तुमचं, आणि लाजताय नव्या नवरीसारखे!"

"दहा पुरेत."

"वा! उद्या त्याच्याखालीच तर फुलं ठेवणार आहे मी. माझ्या बाबांना ज्यांनी गिळलं, त्यांना त्याच दिवशी टिपलंत तुम्ही." तिने शेजारची पाटी ठसक्यात वाचली, "'अनोळखी नौकेला तीनदा खुणेचा शब्द विचारला. तिन्ही वेळा दिव्याने उत्तर आले : चाफा. शब्द चुकीचा आहे हे इशारेवाल्याने ओळखले, आणि थोरली वाचली.' तीनदा, काका! काय निगरगट्ट माणसं!"

"निगरगट्ट नव्हती गं. त्यांना वाटलं असेल, आपला दिवा नीट दिसला नाही."

"घ्या! आता शत्रूचा पुळका!"

काका हसले नाहीत. "खुणेचा शब्द रोज बदलायचा. वहीत दिवसाला एक पान. पहाटे उठून कालचं पान फाडायचं नि जाळायचं, हे माझं पहिलं काम. त्या दिवशी अंगात सडकून ताप होता, पहाटे उठवलंच नाही."

"तापातसुद्धा चुकला नाहीत. म्हणून तर पदक!"

काकांनी मान खाली घातली. मग खिशातून चार घड्यांचं पिवळं पान काढून वर धरलं.

"हे एक पान जाळलं नाही. वीस वर्षं तुला द्यायचं होतं, पोरी. तोंडच नव्हतं."

तिने रंगाने माखलेल्या बोटांनी घड्या उलगडल्या. वर तारीख होती, बाबा परतले नाहीत त्या दिवसाची. खाली त्या दिवसाचा शब्द होता : चाफा.

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा होडीतल्या माणसांना आठवा. आणि जमलंच, तर शिडीखालच्या त्या म्हाताऱ्यालाही.